कामगंध सापळ्यांची वही: कापूस, खरीप २०२४

राळेगाव तालुका, जिल्हा यवतमाळ. कोरडवाहू कापूस चार एकर. त्यातलं दोन एकर घरामागचं वावर आणि दोन एकर नाल्याकडचं. पेरणी १७ जून. गुलाबी बोंडअळीसाठी यंदा पहिल्यांदाच सापळे नीट लावून रोज मोजायचे ठरवले. पुढच्या वर्षी गावात आणखी कोणी करणार असेल तर माझ्या चुका त्याच्या उपयोगी पडाव्यात, म्हणून ही वही ठेवली.

२१ जुलै

आठ सापळे लावले, एकरी दोन. नरसाळ्याचे, खाली प्लास्टिकची पिशवी असलेले. सापळा ४० रुपयांना आणि ल्यूर २० रुपयांना पडलं. ल्यूर म्हणजे रबराची छोटी बुचासारखी गोळी. मादी पतंग रात्री नराला बोलावण्यासाठी जो गंध सोडते, तोच कारखान्यात बनवून या गोळीत मुरवलेला असतो. माणसाच्या नाकाला काहीच येत नाही.

दुकानातून तुरीवरच्या घाटेअळीची आणि सोयाबीनवरच्या लष्करी अळीची ल्यूरही एकदमच आणली होती. शेडमध्ये बसून सगळी पाकिटं फोडली, गोळ्या एका डब्यात टाकल्या आणि डबा घेऊन वावरात गेलो. असं का केलं, तर वावरात पाकिटं फोडत बसायला नको म्हणून. या एका गोष्टीने पुढे महिना खाल्ला.

दुसरी चूक उंचीची. सगळे सापळे छातीएवढ्या उंचीवर बांधले आणि पऱ्हाटी (कपाशीची झाडं) अजून गुडघ्याला होती. सापळा पिकाच्या शेंड्यापासून फूट-दीड फूट वर हवा आणि पीक वाढेल तसा वर सरकवायला हवा. काठीला एकाच ठिकाणी तारेने आवळला तर दर वेळी पक्कड लागते. सुतळीची सरकगाठ बरी.

२८ जुलै

नाल्याकडच्या दोन एकरांत गंधाच्या दोऱ्या बांधल्या. वितीएवढी प्लास्टिकची दोरी, आत तोच मादीचा गंध, पण ल्यूरपेक्षा कितीतरी जास्त. एकरी १६० दोऱ्या, म्हणजे ३२० झाल्या. दोन बाया आणि मी, सकाळी आठ ते दुपारी दोन. झाडाच्या वरच्या फांदीला सैल पीळ द्यायचा. पहिल्या तासात आम्ही इतकं घट्ट आवळलं की फांद्या सोलल्या गेल्या, त्या परत जाऊन सोडवल्या. खर्च एकरी ३,४०० रुपये, मजुरी वेगळी.

घरामागच्या वावरात दोऱ्या बांधल्या नाहीत. पैसे पुरले नाहीत हे खरं कारण. तुलना आपोआप झाली.

४ ऑगस्ट

अमावस्या. आमच्याकडे जुने लोक अमावस्येच्या आगेमागे अळीची अंडी पडतात म्हणून फवारा मारतात. आज आठही सापळे तपासले, एकही पतंग नाही.

११ ऑगस्ट

तिसऱ्या आठवड्यातही शून्य. पात्या (फुलाआधीच्या कळ्या) भरपूर लागल्या आहेत, फुलं सुरू झाली. शेजारच्या वावरातले काका निंबोळी अर्क फवारायच्या तयारीत होते. मी त्यांना सांगितलं, काका, पतंगच नाही तर अर्क कशाला, थांबा दोन आठवडे. त्यांनी माझं ऐकलं.

२० ऑगस्ट

घरामागच्या वावरात डोमकळ्या. शंभर फुलं मोजली, त्यात सात. पाकळ्या आतून गुंडाळून चिकटलेल्या, गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल. उघडलं की आत पांढुरकी बारीक अळी, डोकं काळं. अंगावर गुलाबी रंग चढायला अजून वेळ होता.

सापळे तसेच रिकामे. मग अंडी घातली कोणी? पतंग आहेत, नर-माद्यांची जोडी जमते आहे, आणि माझ्या सापळ्याला त्याचा पत्ता नाही.

दहा डोमकळ्या तोडून काचेच्या बरणीत ठेवल्या, तोंडाला मलमल बांधली.

२१ ऑगस्ट

कृषी विज्ञान केंद्रात गेलो. तिथल्या शास्त्रज्ञ मॅडमनी आधी पाकिटं मागितली. माझ्याकडे पाकिटंच नव्हती. गोळ्या कशा ठेवल्या होत्या ते सांगितल्यावर त्यांनी डोक्याला हात लावला. तीनही अळ्यांच्या गोळ्या दिसायला सारख्याच. एका डब्यात घातल्या की कुठली कुणाची ते कळत नाही, शिवाय रबर एकमेकांचा गंध पिऊन घेतं. त्याच हातांनी मी आधी लष्करी अळीची ल्यूर हाताळली होती. वरून दुकानदाराने पाकिटं उन्हाळ्यापासून पत्र्याखाली ठेवलेली, हे त्याने स्वतःच सांगितलं होतं, तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

मॅडमनी समजावलेली गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण ती कळली असती तर मी डबा वापरलाच नसता. गुलाबी बोंडअळीच्या मादीचा गंध म्हणजे जवळजवळ सारखे दोन पदार्थ, साधारण निम्मे-निम्मे. अणू तेच, फक्त साखळीतला एक वाक वेगळा. नराच्या मिशांवर हे दोन पदार्थ ओळखणारे ग्राहक, म्हणजे गंध टिपणारे बिंदू, असतात आणि प्रमाण बिघडलं की नर वळत नाही. अमेरिकेत १९६६ मध्ये शास्त्रज्ञांनी या अळीचा गंध म्हणून वेगळाच पदार्थ जाहीर केला होता, वावरातले नर त्याच्याकडे फिरकले नाहीत. खरं मिश्रण १९७३ मध्ये सापडलं. गॉसिप्ल्युअर नाव त्याचंच.

नवी आठ ल्यूर घेतली, प्रत्येक आपापल्या बंद पाकिटात. साबणाने हात धुऊन, कापसाच्या काडीने ढकलून बसवली. माझा खर्रा (सुपारी-तंबाखू) त्या दिवशी घरीच ठेवला, हाताला त्याचा वास नको म्हणून.

२२ ऑगस्ट

सकाळी सहाला घरामागच्या वावरात गेलो. पहिल्याच सापळ्यात सहा पतंग. पिशवी उन्हाकडे धरली: करड्या-तपकिरी रंगाचे, नखाएवढेही नाहीत, पंखांच्या कडांना झालर, त्यावर काळपट ठिपके. सगळे नर. चारही सापळे मिळून एकवीस.

एका काठीला मुद्दाम जुनी गोळी लावली होती. तिच्यात शून्य.

२५ ऑगस्ट

घरामागच्या वावरात सलग तीन रात्री सापळ्यामागे सरासरी ९, ११, १०. आठ पतंग सलग तीन रात्री ही फवारणीची पातळी आहे, ती ओलांडली.

संध्याकाळी काकांकडे गेलो. माझं शून्य खोटं होतं हे सांगितलं. त्यांच्या वावरात फिरलो, शंभरात अकरा डोमकळ्या होत्या. काका एवढंच म्हणाले, "पोरा, तू सांगायला आला, हे बरं केलं." ते माझ्या सांगण्यावरून थांबले होते, याचं मला फार वाईट वाटलं. डोमकळ्या तोडून नष्ट करायला दुसऱ्या दिवशी मी आणि माझी मोठी मुलगी त्यांच्याकडे गेलो. दोन पोती निघाली.

२८ ऑगस्ट

फक्त घरामागच्या दोन एकरांत फवारणी केली. मास्क, चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, वारा पाठीशी, सकाळी दहाच्या आत बंद. २०१७ च्या हंगामात आमच्याच जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. सापळे मोजायची माझी धडपड मुळात यासाठी आहे, की टाकी पाठीवर घ्यायची वेळ हंगामात जितकी कमी येईल तितकी बरी.

३ सप्टेंबर

३१ ऑगस्टपासून पोळ्यापर्यंत पावसाने उसंत दिली नाही. सापळ्यांच्या पिशव्यांत पाणी साचलं, पतंग कुजले, मोजता आले नाहीत. पिशवीच्या तळाला दाभणाने तीन-चार भोकं पाडली. ती लावतानाच पाडायला हवी होती. मोठी पाडली तर पतंग निघून जातात आणि मुंग्या आत येतात. दोन सापळ्यांत मुंग्यांनी नुसते पंख शिल्लक ठेवले होते. पंखांवरून मोजायचं झालं तर चार पंखांचा एक पतंग धरावा. काठीला खाली ग्रीसचा पट्टा दिल्यावर मुंग्या थांबल्या.

आज तान्हा पोळा. मुलींचा लाकडी बैल घेऊन गावात फिरून आलो, लिहायला रात्र झाली.

४ सप्टेंबर

नाल्याकडे अडचण. तिथल्या चारही सापळ्यांत नवी ल्यूर असूनही २२ ऑगस्टपासून एकही पतंग नाही. एकदा शून्याने फसवल्यामुळे मला वाटलं, परत गोळ्या खराब. घरामागची चालू गोळी काढून तिकडे लावली, तिकडची इकडे आणली.

५ सप्टेंबर

तिकडची गोळी घरामागे आणल्यावर तिला पाच पतंग. घरामागची गोळी नाल्याकडे नेली, शून्य. म्हणजे गोळी चांगली आहे. वावरच वेगळं आहे.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, दोऱ्या काम करत आहेत. नर वाऱ्याविरुद्ध नागमोडी उडत गंधाचा माग काढतो. माग सुटला की आडवा उडून शोधतो, सापडला की पुढे सरकतो. ३२० दोऱ्यांमधून चहूकडून गंध येत असेल तर माग कसला काढणार? शिवाय सतत गंधात राहून मिशांतले ग्राहक आणि मेंदू दोन्ही थकतात, मग खऱ्या मादीचा गंधही ओळखू येत नाही. दोऱ्यांच्या वावरात सापळा रिकामा राहणं ही चांगली खूण आहे.

ऐकून समाधान झालं, पण महिनाभर एका शून्यावर विश्वास ठेवून बसलो होतो. हे शून्य डोळ्यांनी पडताळल्याशिवाय मला झोप लागणार नव्हती.

७ सप्टेंबर

बरणीतल्या दहा अळ्यांपैकी आठ कोषात गेल्या होत्या. अळ्यांना डोमकळ्यांनंतर कोवळ्या हिरव्या बोंडांच्या फोडी दिल्या होत्या. दोन अळ्या बुरशीने गेल्या, कारण बरणीत ओल राहत होती. खाली वर्तमानपत्राचे तुकडे टाकायला हवेत. प्रत्येक कोष इंजेक्शनच्या रिकाम्या, धुतलेल्या बाटलीत वेगळा ठेवला, म्हणजे बाहेर आल्याबरोबर जोडी जमणार नाही. आजपर्यंत सहा पतंग निघाले.

नर कोणता, मादी कोणती, मला ओळखता येत नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, आपण कशाला ओळखायचं? बाहेरचे नर ओळखतील ना."

९ सप्टेंबर, रात्र

चहाच्या बारा गाळण्या आणल्या, दोन-दोन तोंडाला तोंड लावून तारेने बांधल्या. सहा पिंजरे तयार झाले. प्रत्येकात एक पतंग आणि साखरेच्या पाण्याचा कापसाचा बोळा. घरामागच्या वावरात वीस-वीस पावलांवर सहा काठ्या. प्रत्येक पिंजऱ्याखाली पुठ्ठा, त्यावर एरंडेल आणि ग्रीस फासलेलं.

मुलगी आणि मी धुऱ्यावर (बांधावर) बसलो. बारापर्यंत काहीच झालं नाही. दोनच्या सुमारास लाल कागद लावलेल्या टॉर्चने पाहिलं. चौथ्या पिंजऱ्यातला पतंग जाळीला धरून निश्चल, पोटाचं टोक वर उचललेलं, आणि टोकातून एक ओलसर, फिकट फुगवटा बाहेर आलेला, मोहरीच्या चतकोराएवढा. गंधाची ग्रंथी हीच. आम्हाला दोघांना काहीही वास नव्हता. पाच-सात मिनिटांत खालच्या अंगाने, वाऱ्यावर डुलत, एक पतंग आला. सरळ नाही, डावीकडे-उजवीकडे. पिंजऱ्याच्या हातभर अंतरावर थांबला, परत मागे गेला, परत आला आणि गाळणीला येऊन फडफडू लागला. मग दुसरा. मुलीने माझा हात दाबून धरला होता.

१० सप्टेंबर

सकाळची मोजणी: चौथ्या पिंजऱ्याखाली ७ नर, पहिल्याखाली ४, बाकी चारखाली शून्य. म्हणजे दोन माद्या, चार नर. त्याच रात्री चांगल्या ल्यूरच्या सापळ्यात १४. जुन्या गोळीच्या सापळ्यात आजही काही नाही.

संध्याकाळी पहिल्या पिंजऱ्यात एक नर सोडला.

११ सप्टेंबर

पहिला पिंजरा: शून्य. काल चार नर ओढणारी मादी आज गप्प. रात्री दीडला दोघं पाठीला पाठ लावून जुळलेले आम्ही पाहिले होते. बऱ्याच पतंगांत समागमात नराकडून मिळालेल्या स्रावामुळे मादीचं गंध सोडणं थांबतं आणि तिचं शरीर अंडी घालण्याकडे वळतं. सकाळी गाळणीच्या जाळीवर बारीक पांढरे दाणे चिकटले होते. मुलीने भिंगातून मोजले, तेवीस.

दोऱ्यांचा फायदा इथे मला नीट कळला. मादीला नर उशिरा मिळाला तर तिची अंडी कमी होतात, मिळालाच नाही तर फलित अंडी होत नाहीत. दोऱ्यांनी एकही पतंग मारला नाही, तरी पुढची पिढी घटते.

१२ सप्टेंबर

चौथ्या पिंजऱ्यातली मादी अजून कुमारी. तिला रात्री नाल्याकडच्या वावराच्या मध्यभागी टांगलं. अडीच वाजता ती गंध सोडताना पाहिली, तोच फुगवटा. सकाळपर्यंत पुठ्ठा कोरा.

हे दुसरं शून्य खरं निघालं.

२२ सप्टेंबर

नाल्याकडे डोमकळ्या नसाव्यात असं वाटत होतं, पण आहेत. काकांच्या धुऱ्याकडच्या पहिल्या आठ तासांत (पिकाच्या ओळींत) शंभर फुलांत नऊ, वावराच्या मध्यात दोन. जोडी बाहेर जमवून आलेली मादी दोऱ्यांना बधत नाही, ती उडत येते आणि अंडी घालते. दोन एकरांचा तुकडा दोऱ्यांसाठी फार लहान. सलग मोठ्या पट्ट्यात, सगळ्यांनी एका वेळी बांधल्या तरच मधला भाग मोठा आणि कडा लहान राहते. विकणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही.

पुढच्या वेळी पैसे तेवढेच असतील तर धुऱ्यालगतच्या तासांत दोऱ्या दाट बांधेन.

५ ऑक्टोबर

सर्वपित्री अमावस्येनंतर घरामागे परत पातळी ओलांडली: १२, १३, ९. हिरवी बोंडं फोडली, एकरी वीस. घरामागच्या चाळीसपैकी सहा बोंडांत अळी, आता चांगली गुलाबी झालेली. बोंडाला बाहेरून भोक दिसत नाही, आत शिरल्यावर ते भरून येतं. फोडल्याशिवाय समजत नाही. नाल्याकडे चाळीसपैकी दोन, दोन्ही धुऱ्याकडची.

घरामागे दुसरी फवारणी केली. नाल्याकडे फक्त कडेच्या आठ तासांत.

२४ ऑक्टोबर

सीतादही (वेचणीआधीची वावरातली पूजा) करून पहिली वेचणी सुरू. मजूर बाया घरामागच्या वावरात कवडी (अळीने खराब झालेला) कापूस वेगळा टाकत होत्या, तीन दिवसांत दीड पोतं. नाल्याकडे अर्धं पोतं.

२३ नोव्हेंबर

विधानसभेच्या मतदानाच्या आठवड्यात वेचायला माणूस मिळाला नाही, फुटलेला कापूस दहा दिवस झाडावरच. दुसरी वेचणी आज संपली.

आतापर्यंतचा हिशेब: नाल्याकडे एकरी साडेआठ क्विंटल, घरामागे साडेसहा. हे दोन क्विंटल सगळे दोऱ्यांचे धरू नका. नाल्याकडची जमीन मुळात भारी आहे, गेल्या वर्षीही तिथे एकरी एक क्विंटल जास्त होता. राहिलेला एक क्विंटल दोऱ्यांचा धरला तरी मध्यम धाग्याच्या ७,१२१ रुपये हमीभावाने एकरी ३,४०० चा खर्च निघून वर पैसे उरतात. बाजारात मला हमीभावापेक्षा कमी मिळाले, तरी खर्च निघाला. शिवाय तिथे एक पूर्ण फवारणी वाचली.

ल्यूर, सापळे, ग्रीस, गाळण्या मिळून १,१०० रुपये. वाया गेलेला वेळ: २१ जुलै ते २१ ऑगस्ट, पूर्ण एक महिना.

१५ डिसेंबर

फरदड ठेवायची नाही, म्हणजे वेचणीनंतर तेच पीक पुढे वाढवत राहायचं नाही, हे नक्की. ओलिताखालच्या दोन-तीन वावरांत लोक ठेवत आहेत, त्यांच्याशी बोललो. बोंडं मिळत राहिली की अळीची साखळी तुटत नाही. अमेरिकेने २०१८ मध्ये ही अळी आपल्या कापसातून संपल्याचं जाहीर केलं, त्यात बीटी (अळीला मारक) वाण आणि सोडलेल्या वांझ पतंगांच्या जोडीला या गंधाच्या दोऱ्याही होत्या. पण तिथे सगळा भाग एकदम उतरला होता.

पुढच्या वर्षी एकत्र दोऱ्या बांधायला सात जण तयार आहेत, सलग बावीस एकर. पहिलं नाव काकांचं.

२९ डिसेंबर

पऱ्हाट्या उपटून घराजवळ जळणासाठी रचून ठेवल्या होत्या, दरवर्षीसारख्या. सहज म्हणून एक सापळा ढिगाजवळ लावला. एका रात्रीत २३ नर. पिकात पतंग उरला नाही आणि माझ्या अंगणात तेवीस. ढिगातली न फुटलेली बोंडं फोडून पाहिली तर सरकीत अळ्या बसलेल्या, काही ठिकाणी दोन सरक्या जोडून आत.

जळणाचा मोह सोडला. ट्रॅक्टरवरचं कुट्टी यंत्र तासावर भाड्याने आणलं, दोन तासांत सगळा ढीग भुगा झाला, तो खताच्या खड्ड्यात गाडला.

२ जानेवारी

अंगणातला सापळा: ४.